खेमराजबाबूंनी धान धुतलं

पुष्पांजलीबाईंनी एवढंच सांगितलं होतं, की पायलीभर धान निवडून ठेवा. खेमराजबाबूंनी ठरवलं, की निवडत बसण्यापेक्षा ते धुऊन घ्यावं. त्यांनी केलं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप झालं.

आता धान कोणी धुतं का, असं कोणी विचारील, आणि विचारणं रास्त आहे. तांदूळ धुतात, डाळ धुतात. पण धान? ते शेतात असतानाच पोटभर भिजलेलं असतं, आणि घरी आल्यावर त्याला कोरडं ठेवण्यात अख्ख्या गोंदिया जिल्ह्याचा जन्म जातो. खेमराजबाबू याच जिल्ह्यातले, अर्जुनी-मोरगावचे, कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्यांच्या घराण्यातले. त्यांच्या पणजोबांनी गावाला तलाव बांधून दिला होता. (म्हणजे पाण्याची ओढ घराण्यात होतीच. फक्त पणजोबांना पाणी कुठं सोडायचं ते कळत होतं.)

शेतीखात्याच्या एका कचेरीत खेमराजबाबूंनी कारकून म्हणून उभी नोकरी काढली आणि वरिष्ठ कारकून म्हणून ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता या वेळेचं करायचं काय, हे मात्र कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून खेमराजबाबू घरात काम शोधत होते, आणि घरातली माणसं त्यांच्यापासून कामं लपवत होती.

घरात काम भरपूर होतं, पण ते पुष्पांजलीबाईंचं होतं. त्यांचा धानाचे दागिने करण्याचा व्यवसाय. नाव ‘लोंबी’. धानाचा एकेक दाणा रंगवायचा, रेशमी दोऱ्याने शेजारी शेजारी बांधायचा, आणि त्यातून कानातले, हार, राख्या करायच्या. लांबून पाहिलं तर सोन्याचे वाटतात, जवळून पाहिलं तर त्याहून बरे. नुसतं विकून त्यांचं भागेना, म्हणून त्या शिकवायलाही लागल्या. पहिली कार्यशाळा घरच्या अंगणात झाली. तीन बाया आल्या होत्या, त्यातली एक चाळणी परत करायला आलेली, संकोचाने बसून राहिली. मग पंचविसावी चिचगडच्या बचत गटात झाली, पन्नासावी दवनीवाड्याच्या शाळेत. पन्नासावी झाल्यावर पुष्पांजलीबाईंनी स्वतःला स्कूटी घेतली आणि खेमराजबाबूंना हेल्मेट. (मागे बसायला.)

प्रत्येक कार्यशाळा झाली की त्या दाराच्या चौकटीवर धानाची एक लोंबी बांधत. खेमराजबाबूंनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात खुर्चीवर चढून त्या लोंब्यांचं ऑडिट केलं आणि बऱ्याच कमी भरतात असा आक्षेप काढला.

“चिमण्या खातात न त्या,” पुष्पांजलीबाई म्हणाल्या.

“मग चिमण्यांनी खाल्लेल्या धरायच्या का नाही धरायच्या?”

“तुम्ही खाली उतरा पहिले.”

लोंब्या कशाही मोजल्या, तरी यंदाच्या आषाढात होणारी कार्यशाळा शंभरावी होती, यावर खेमराजबाबू सोडून सगळ्यांचं एकमत होतं. आणि ती खुद्द गोंदियाला होणार होती. मोठा हॉल, शहरातल्या महिला मंडळाने बोलावलेलं, विषय ‘धानाच्या राख्या’, आणि दारावर बॅनर: पुष्पांजली कापगते. आजवर साऱ्या तालुक्यात त्यांना ‘कापगतेबाबूची बाई’ म्हणत. बॅनरवर बाबूचा पत्ता नव्हता. त्या बॅनरचा फोटो मोबाइलवर आला तेव्हा पुष्पांजलीबाईंनी तो चारदा मोठा करून पाहिला आणि मग उगाच डोळ्यांना पदर लावून “कांदा चिरला होता” असं सांगितलं. त्या दिवशी घरी कारली होती.

खेमराजबाबूंनी ते पाहिलं, आणि त्यांना मनापासून वाटलं, की या शंभरावीत आपलाही काही हात असावा.

“मले बी सांग न काहीतरी काम,” ते म्हणाले.

हे ऐकून पुष्पांजलीबाईंच्या हातातली सुई थांबली. यापूर्वी बाबूंनी मदत केली होती तेव्हा रंगांच्या डब्यांवर आवक-जावक क्रमांक पडले होते, आणि पिवळा रंग म्हणजे नेमका कोणता क्रमांक, हे कळायला त्यांनाच बोलवावं लागे. त्यानंतरच्या मदतीत बारीक दोरे आणि जाड दोरे वर्णानुक्रमाने लागले होते.

“हे पायलीभर धान आहे,” पुष्पांजलीबाई विचार करून म्हणाल्या. “निवडून ठेवा. खडे काढा, पोचट काढा. बाकी काही करू नका, अजी.”

“शंभरावीसाठी?”

पुष्पांजलीबाईंनी पुन्हा सुईकडे पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या.

खेमराजबाबू धान घेऊन मागच्या अंगणात गेले. सुपात घेऊन निवडायला बसले. दहा मिनिटांत मान दुखली. पोचट दाणा आणि भरलेला दाणा दिसायला सारखेच, कचेरीतल्या माणसांसारखे. आणि तिथेच त्यांना ते परिपत्रक आठवलं.

दरवर्षी मे महिन्यात निघायचं ते. विषय: भात बियाण्यास मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करणेबाबत. सारी नोकरी खेमराजबाबूंनी ते टाइप केलं, फक्त साल बदलून. (एकदा सालही बदलायचं राहिलं, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.) पाण्यात मीठ विरघळवावे, त्यात धान ओतावे, पोचट दाणे तरंगतील ते काढून टाकावेत, उरलेले स्वच्छ पाण्याने धुऊन रात्रभर भिजू द्यावे. हजारो शेतकऱ्यांना त्यांनी हे कळवलं होतं, पण स्वतः बादलीत हात घातला नव्हता. शेत ठेक्याने दिलेलं. आज बादली होती, धान होतं, आणि सही करायला वरचा साहेबही नको होता.

मीठ किती घालायचं? पाण्यात बटाटा तरंगेपर्यंत, असं परिपत्रकात होतं. घरातलं सगळं मीठ संपलं तेव्हा बटाटा कसाबसा वर आला.

“मिठाची बरणी कोणी रिकामी केली?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“मीठ?” खेमराजबाबू म्हणाले, जणू या पदार्थाबद्दल ते पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या दिवशीची भाजी सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. धान मात्र छान झालं. पोचट दाणे खरोखरच वर आले. आपण आयुष्यभर लिहिलं ते खरं होतं, हे पाहून खेमराजबाबूंचा ऊर भरून आला. परिपत्रक अर्धवट राबवायचं नाही म्हणून रात्रभर भिजवलंही. सकाळी अंगणात पसरलं, तर आभाळ भरून आलेलं. तासाभरात दोन कोंबड्या आणि चार सरी येऊन गेल्या. शेवटी त्यांनी धान पोत्यात भरलं, तोंड बांधलं आणि पाणी तापवायच्या चुलीमागं ठेवून दिलं. तिथं ऊब होती. आपोआप वाळेल, असा त्यांचा अंदाज होता.

पुढचे चार दिवस पुष्पांजलीबाई पुढच्या खोलीत थैल्या भरत होत्या. धानाचं काय झालं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. यालाच विश्वास म्हणतात, असं खेमराजबाबूंना वाटलं, आणि त्यांना जरा गहिवरून आलं.

कार्यशाळेच्या दिवशी सकाळच्या गाडीने तिघं गोंदियाला निघाले. तिसऱ्या म्हणजे बाबूंच्या आई, जमुनाबाई. वयाची ऐंशी केव्हाच मागे टाकलेली, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. सुनेचा सत्कार डोळ्यांनी पाहायचाच, असा त्यांचा हट्ट होता. पुष्पांजलीबाईंच्या पाच थैल्या पुष्पांजलीबाईंनीच धरल्या होत्या. “याले हात लावू नका,” असं त्यांनी घरी एकदा आणि स्टेशनवर दोनदा सांगितलं. खेमराजबाबूंच्या मांडीवर त्यांचं पोतं होतं. ते दिलं होतं त्याहून जड लागत होतं, आणि खालून ओलं होतं. जरा दमट राहिलं असेल, तिकडे पंख्याखाली पसरू, असं म्हणून त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतं.

समोरच्या बाकावरच्या माणसाने दोनदा नाक मुरडलं. “मच्छी आहे का बाबू?”

“धान आहे.”

“कोनत्या तलावातलं?”

हॉल स्टेशनपासून जवळच होता. दारात मंडळाच्या अध्यक्ष रीता मॅडम उभ्या होत्या. “आइए, आइए पुष्पांजलीजी! सगळ्या वाट पाहून राहिल्या तुमची!” म्हणत त्यांनी पुष्पांजलीबाईंना थैल्यांसकट आत नेलं. बॅनर खरंच मोठा होता. खेमराजबाबू आणि जमुनाबाई मागच्या व्हरांड्यात टेकले. आत आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग मनोगतं. तेवढ्यात धान पसरून घ्यावं म्हणून खेमराजबाबूंनी पोत्याची सुतळी सोडली.

आतून वाफ आली. मग वास आला. मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

प्रत्येक दाण्याला पांढराशुभ्र मोड आला होता. एक दाणा सुटला नव्हता. सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसले होते.

जमुनाबाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “वाऽ! कसे झ्याक मोड आले गा!”

“माय...” खेमराजबाबूंनी एक दाणा उचलून डोळ्यांजवळ नेला. “हे कसं झालं?”

“कसं झालं म्हंजे? रोज दोनदा कोमट पानी मारून राहिली होती न मी. वरून तनसाचा पेंढा झाकला, गोटा ठेवला. तुले कुठं ध्यान राहाते?”

“तू कायले पानी मारलं?”

“आता घ्या! धान भिजवलं, पोत्यात बांधलं, चुलीमागं ठेवलं. पऱ्हे टाकाले, रोपं कराले नाही तं कायले? मी म्हनलं, पोराले जलमात पहिल्यांदा शेतीची अक्कल आली. दृष्ट लागन म्हून कोनाले बोलली नाई.”

“माय, ते राखीचं धान होतं.”

जमुनाबाईंनी मुलाकडे नीट पाहिलं. “राखीचं धान कोनी भिजवते का गा?”

परिपत्रकात ‘बियाण्यास’ असा शब्द होता, हे खेमराजबाबूंना आता आठवलं.

आतून टाळ्यांचा आवाज आला. खेमराजबाबूंनी खिडकीतून पाहिलं. चाळीसेक बाया खुर्च्यांवर बसलेल्या, व्यासपीठावर पुष्पांजलीबाई, अंगावर नवी साडी, मान ताठ. त्यांच्या हातात फुलांचा गुच्छ होता आणि चेहऱ्यावर ते कारल्याच्या दिवशीचं तेज. थोड्या वेळाने ही बाई “आता धान घेऊया” म्हणणार, आणि मोड आलेल्या धानाचं पोतं पुढे येणार. शंभर कार्यशाळांची कमाई, आणि तिच्यावर नवऱ्याने पाणी फिरवलं. तेही कोमट.

सांगावं का? एवढ्या बायांसमोर? पण एक गोष्ट खेमराजबाबूंना सरकारी अनुभवाने माहीत होती: माइकसमोर प्रमुख पाहुणे नुकतेच उभे राहिले होते. म्हणजे तासभर तरी कोणाचं काही बिघडत नाही. आणि आपण आहोत कुठं? गोंदियात! जिथं घरांपेक्षा राइस मिल जास्त असाव्यात असं वाटतं, त्या गावात पायलीभर धान मिळणार नाही?

“माय, तू इथंच बस. मी आलोच,” म्हणून त्यांनी ऑटो केला.

पहिल्या मिलमध्ये मुनीमजी वहीतून मान वर न काढता म्हणाले, “गाडी किधर लगी है?”

“गाडी नाही. म्हणजे, ऑटो है.”

“ऑटो में कितना धान लाए हो?”

“लाया नहीं. ले जाना है. दो-चार किलो.”

मुनीमजींनी आता मान वर केली. आणखी दोन माणसांना हाक मारून त्यांनाही हा गृहस्थ दाखवला. “बाबूजी, हम धान लेते हैं, देते नहीं. चावल ले जाइए, जितना चाहिए.”

“चावल की राखी नहीं बनती.”

“धान की बनती है?” मुनीमजींनी विचारलं, आणि मग समजूतदारपणे पाण्याचा ग्लास पुढे केला.

दुसऱ्या मिलमध्ये धानाच्या पोत्यांची थप्पी छतापर्यंत गेली होती. तिथला कारकून मराठी बोलणारा निघाला, म्हणून खेमराजबाबूंना आशा वाटली.

“साहेब, समोर एवढं धान आहे.”

“सरकारी आहे. भरडून परत द्यायचं असते. एक दाणा इकडचा तिकडे झाला तर मले जबाब द्यावा लागते.”

“मूठभर द्या.”

“लेखी आणा.”

“कोणाचं?”

“ते मी कसं सांगू?”

खेमराजबाबूंना राग आला नाही. उलट काळजात एक ओळखीची कळ उठली. हेच उत्तर त्यांनी स्वतः खुर्चीत असताना दिलं असतं, आणि वर पंखाही बंद करून घेतला असता. त्या माणसाला त्यांनी मनातल्या मनात पदोन्नती दिली आणि ते बाहेर पडले.

बाहेर फाटकासमोर ट्रकांची रांग होती. पोत्यांमधून सांडलेलं धान रस्त्याच्या कडेने पिवळ्या रेघेसारखं पडलं होतं. त्यावर कबुतरं बसली होती आणि एक बकरी. खेमराजबाबूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गळ्यातला दुपट्टा काढला आणि खाली बसून दाणे वेचायला सुरुवात केली. कबुतरं थोडी सरकली. बकरी सरकली नाही.

बरंच जमलं होतं, एवढ्यात डोक्यावर आवाज आला, “खेमराजबाबू?”

ते शालीकराम होते. कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारे, आता गोंदियात स्थायिक झालेले. स्कूटर थांबवून ते तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरत चालले होते.

“पेन्शन अडकली का गा?”

“नाई रे बाबा. राखीसाठी पायजे.”

“बहिणीले ओवाळणीत धान देऊन राहिला?” शालीकराम हबकलेच. “इतकं झालं अना आम्हाले सांगितलं नाई?”

“अरे, राखीच धानाची...”

“बोलू नको. काही बोलू नको.” शालीकरामांनी स्कूटर स्टँडवर लावली, स्वतः खाली बसले आणि ओंजळीने धान गोळा करून दुपट्ट्यात टाकू लागले. जाताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला. “मी कोनाले सांगणार नाही.”

कचेरीत शालीकराम हे वाक्य बोलले, की संध्याकाळच्या आत ते सगळ्या टेबलांवर पोचायचं. आता तर फोन होते. खेमराजबाबू ऑटोत बसतात न बसतात, तोच कचेरीतल्या जुन्या बडेबाबूंचा आवाज मोबाइलवर आला: “खेमराज, पेन्शनसाठी मी कोणाला बोलू का? संकोच करू नको. शालीकने धानाचं सांगितलं.”

हॉलवर पोचले तेव्हा व्हरांडा रिकामा होता. आई नाही, पोतंही नाही. आत भाषणाचा आवाज नव्हता, गलका होता. खेमराजबाबू दाराकडे धावले. दुपट्ट्याचं गाठोडं छातीशी धरून ते दारात उभे राहिले.

आत चाळीस बाया राख्या बांधत होत्या.

प्रत्येकीसमोर वाटीत धान होतं. लाल, पिवळं, हिरवं, सोनेरी; एकेक दाणा निवडलेला, खडखडीत कोरडा. कोणी दोरा ओवत होतं, कोणी “मेरा टेढा हो गया” म्हणून शेजारणीला दाखवत होतं. पुष्पांजलीबाई टेबलांमधून फिरत होत्या, कोणाची गाठ सोडवत, कोणाला शाबासकी देत. आणि पुढच्या रांगेत जमुनाबाईंची दुसरी कार्यशाळा भरली होती. मोड आलेल्या धानाचं पोतं उघडून त्या शहरातल्या बायांना मूठ मूठ वाटत होत्या. “कुंडीत टाका, पानी ठेवा, चार दिसात कशे हिरवेगार पऱ्हे येते पाहा.” बायांनी पर्समध्ये, डब्यात, एकीने तर रुमालात मोड घेतले होते.

खेमराजबाबू कडेकडेने पुष्पांजलीबाईंजवळ गेले.

“पुष्पा, धान आणलं,” ते कुजबुजले.

“कोणतं धान?” त्यांनी गाठोड्यात पाहिलं. त्यात धान होतं, खडे होते, एक बिडीचं थोटूक होतं आणि बकरीचं काहीतरी होतं. “हे कुठून आणलं अजी?”

मग खेमराजबाबूंनी सगळं सांगितलं. बटाटा, चूल, मोड, मुनीमजी, शालीकराम. सांगताना त्यांचा आवाज खाली खाली गेला. “तुझ्या शंभरावीचं मी वाटोळं केलं असतं,” ते शेवटी म्हणाले.

“ते कसं करणार होते तुम्ही?” पुष्पांजलीबाईंना खरंच नवल वाटलं. “या कार्यशाळेचं धान मी पंधरा दिवसांआधीच निवडून, रंगवून, वाळवून ठेवलं होतं.”

“मग मले पायलीभर कायले दिलं?”

“तुम्हीच म्हणत होते न, काहीतरी काम सांग? मी म्हटलं, बसतील चार-पाच दिवस निवडत. तेवढीच माझ्या दोऱ्यांना शांती.”

खेमराजबाबूंनी आजवर अनेक लोकांचे अर्ज ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारून बंद केले होते. दप्तरी दाखल झाल्यावर आतून कसं वाटतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळलं.

पुष्पांजलीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. धुळीने माखलेले गुडघे, केसात अडकलेला भुसा, घामाने भिजलेला नवा सदरा. त्या हसणार होत्या, पण हसल्या नाहीत. “रस्त्यावर बसून वेचलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“बकरी पण होती सोबत.”

आता मात्र त्यांना हसू आवरलं नाही. पदराने त्यांनी बाबूंच्या केसातला भुसा झटकला. चाळीस बायांसमोर. लग्नानंतर एवढ्या लोकांसमोर त्यांनी बाबूंना प्रथमच हात लावला असेल.

तेवढ्यात रीता मॅडम मोबाइल घेऊन आल्या. “पुष्पांजलीजी, फोटो के लिए हाथ चाहिए! राखी टेबलवर ठेवून मजा नाही येत. आदमी का हाथ!” साऱ्या हॉलची नजर फिरली. चौकीदार चहा आणायला गेला होता. प्रमुख पाहुणे भाषण संपवून पुढच्या भाषणाला गेले होते. उरला एकच पुरुष.

“हे आहेत न,” पुष्पांजलीबाई म्हणाल्या. “अजी, हात द्या.”

खेमराजबाबूंचा चेहरा उजळला. शेवटी काम मिळालं होतं! त्यांनी हात धुतला, बाही वर केली आणि टेबलावर आडवा ठेवला. एकीने राखी बांधली. दुसरी म्हणाली, “माझी पण!” मग रांगच लागली. मनगट भरलं, पुढे कोपरापर्यंत राख्या गेल्या. “भैया, हिलना मत,” “बाबूजी, बोट सरळ,” “वो वाली इधर लगाओ.” खेमराजबाबू श्वास रोखून बसले. एवढं बिनचूक काम त्यांनी नोकरीतही केलं नव्हतं.

“मधात जागा राहिली,” रीता मॅडम म्हणाल्या. पुष्पांजलीबाईंनी घाईत हातातली आपली नमुन्याची सोनेरी राखी उचलली आणि त्या जागी पटकन गाठ मारली.

“अवो पुष्पा!” पुढच्या रांगेतून जमुनाबाई कडाडल्या. “नवऱ्याले राखी बांधून राहिली काय वो?”

सारा हॉल एवढा हसला, की चहा घेऊन येणारा चौकीदार दारातच थांबला. पुष्पांजलीबाई लाजून लाल झाल्या, खालच्या वाटीतल्या धानासारख्या. “आई, राखी नाई ते,” त्या गाठ सोडत म्हणाल्या. “सॅम्पल आहे.”

“राखी का सोडून राहिली? राहू दे,” खेमराजबाबू म्हणाले. “ओवाळणी मागू नको म्हणजे झालं.” त्यावर पुन्हा हशा झाला. त्या दिवशी बाबूंना आपण केलेल्या विनोदावर कोणीतरी हसलेलं ऐकायला मिळालं, हाही एक टप्पाच म्हणायचा.

परतीच्या गाडीत पुष्पांजलीबाई गुच्छ मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पुढच्या महिन्याची दोन आमंत्रणं आठवून आठवून सांगत होत्या. एक त्यांना होतं, दुसरं जमुनाबाईंना, मोडांचं प्रात्यक्षिक दाखवायला. खेमराजबाबूंना फोन येत होते, पण ते सगळे पेन्शनबद्दल.

दुसऱ्या दिवशी ‘लोंबी’च्या पानावर तो फोटो लागला. मधोमध हात, कोपरापर्यंत रंगीत राख्यांनी भरलेला. चेहरा कापलेला होता, पण खेमराजबाबूंची तक्रार नव्हती. त्यांनी चष्मा लावला आणि खुर्ची ओढून सगळ्या प्रतिक्रिया मोठ्याने वाचायला सुरुवात केली. किती सुंदर. खूप छान ताई. अभिनंदन, शंभरीचं. आणि मग देवरीच्या कोण्या दुकानदार बाईंनी लिहिलेलं:

“ताई, राख्या मस्तच. पण तो पुतळ्याचा हात कुठून घेतला? अगदी खरा वाटतो. आमच्या शोकेससाठी पाहिजे.”

खेमराजबाबूंनी फोन बायकोपुढे केला. पुष्पांजलीबाईंनी वाचलं, थोडा विचार केला आणि उत्तर टाइप केलं:

“हात घरचाच आहे. सणाआधी आठवडाभर नेऊ शकता. फक्त त्याला काही काम सांगू नका.”